हमीचा भाव

मे १९७३ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या दुष्काळी कामांच्या हजेरीपटांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या जराशी वर. म्हणजे तान्ही पोरं आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी धरूनही दहातला एक जण सरकारी कामावर होता. केवळ खेड्यांचा हिशेब केला तर सातातला एक. खडी फोडायची, रस्त्याची माती ओढायची, नालाबंडिंग करायचं, पाझर तलावाच्या भिंतीवर पाट्या टाकायच्या. नगर, बीड, उस्मानाबाद, सोलापूर, औरंगाबाद या पट्ट्यात पावसाने सलग तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. १९७२-७३ साली राज्यातलं तृणधान्याचं उत्पादन १९६७-६८ च्या निम्म्याहूनही खाली आलं होतं. एवढ्या तुटीत पूर्वी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली असती. या वेळी तसं झालं नाही.

का झालं नाही, याचा पुढे अर्थशास्त्रज्ञ ज्यां द्रेझ यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: सरकारने धान्य फुकट वाटण्यावर भर दिला नाही, रोजगार दिला. मजुराच्या हातात आठवड्याला पैसे आले आणि पैसा होता तिथे धान्य पोचलं. आंतरराज्य वाहतुकीवर बंधनं असूनही पोचलं. दुष्काळ मुळात धान्याचा असला तरी भूक रोजगाराची असते. मजुरीवर पोट असलेल्या माणसाला काम बंद पडलं की पहिल्या आठवड्यातच हे कळतं. सरकारदरबारी ते पटायला मात्र एक शतक जावं लागलं, आणि पटल्यावरही एक प्रश्न उरलाच: मजुरी किती द्यायची?

हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा पेटला तो १८७७ साली. दख्खनच्या त्या मोठ्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. शिवाय मजुरांना मुद्दाम घरापासून दूरच्या कामावर पाठवायचं, असंही ठरलं. त्यामागे एक हिशेब होता. काम कष्टाचं, लांबचं आणि कमी पैशांचं असलं की ज्याला दुसरा काहीच आधार नाही तोच येईल आणि खजिन्यावरचा भार आपोआप हलका होईल. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी यावर हजारोंच्या संख्येने कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, सरकारला अर्ज लिहिले, दुष्काळी भागातून माहिती गोळा करून छापली. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या भोवती जमलेल्या त्या मंडळींनी केलेलं हे काम म्हणजे आपल्याकडचं मजुरीच्या दरावरचं पहिलं आकडेवारीनिशी संशोधन म्हणायला हरकत नाही.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळसंहितांनी टेंपल यांचा दर काही ठेवला नाही. तत्त्व मात्र ठेवलं: मजुरी पोटापुरती असावी, बाजारभावाशी स्पर्धा करणारी नसावी. स्वातंत्र्यानंतरही कलेक्टर कचेरीतल्या कपाटात याच संहिता होत्या. दुष्काळ जाहीर झाला की कामं काढायची आणि पाऊस पडला की बंद करायची. मजुराचा कामावर हक्क असा काही नव्हता. काम मिळालं तर ती सरकारची मेहरबानी.

या मेहरबानीचं हक्कात रूपांतर करण्याची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडली गेली ते वि. स. पागे अर्थशास्त्रज्ञ नव्हते. ते सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यचळवळीतून आलेले, आणि १९६० पासून सलग १८ वर्षं विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे एक साधा हिशेब मांडला. गावातला मजूर आळशी नाही. सुगी आणि पुढची पेरणी यांच्या मधले महिने त्याला काम नसतं, एवढंच. त्या महिन्यांत त्याच्याच गावात बांध, विहिरी, तलाव करून घेतले तर मजूर जगेल आणि जमीनही सुधारेल. तासगाव तालुक्यात विसापूर भागात याचा प्रयोग झाला. प्रयोग लहान होता, पण त्यातून एक गोष्ट कागदावर आली: किती माणसं काम मागायला येतात आणि त्यांना कामाला लावायला किती खर्च येतो.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच सुमारास दुसऱ्या वाटेने तोच मुक्काम गाठला. १९७१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतातील दारिद्र्यावरच्या निबंधाने देशभर खळबळ उडवली. दिवसाला २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्चही ज्यांना परवडत नाही असे लोक त्यांनी मोजले, तर ते खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत ५० टक्क्यांच्या घरात निघाले. दांडेकर-रथ तेवढ्यावर थांबले नाहीत. जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न सुटणार नाही, वाटायला तेवढी जमीनच नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. उपाय त्यांनी सांगितला तो सार्वजनिक कामांवर हमखास रोजगार देण्याचा, आणि त्यासाठी श्रीमंतांकडून पैसा उभा करण्याचा. डावे त्यांच्यावर तुटून पडले, उजव्यांनाही ते रुचले नाहीत. मला विचाराल तर त्या निबंधातलं सर्वांत धाडसी वाक्य दारिद्र्याबद्दलचं नव्हतंच, पैसा कुठून आणायचा याबद्दलचं होतं.

१९७२ मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजना जाहीर केली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळून टाकलं. सगळी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळली. पण त्या दोन वर्षांनी असं काही घडवलं जे कुठल्याही अहवालाला जमलं नसतं. एकेका कामावर हजार-हजार माणसं एकत्र आली. त्यांत बाया निम्म्याच्या आसपास होत्या. मजुरी वेळेवर मिळत नाही, मोजणीत कारकून मारतो, पाणी नाही, पोरांना सावली नाही, अशा तक्रारी घेऊन मोर्चे निघाले. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी दुष्काळी मजुरांच्या संघटना बांधल्या. १९७३ चा पाऊस बरा झाला आणि कामं बंद व्हायला लागली, तेव्हा या लाखो मजुरांना घरी काय म्हणून पाठवायचं, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. योजनेची आठवण तेव्हा झाली.

आता पैसा. महाराष्ट्राच्या या गोष्टीतला सर्वांत चतुर भाग हाच आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही.

शेतीवर कर बसवावा का, हा वाद देशात तेव्हा जोरात होता. केंद्राने नेमलेल्या के. एन. राज समितीने १९७२ मध्ये मोठ्या जमीनधारकांवर कृषिधारण कराची शिफारस केली होती. कोणत्याही राज्याने ती मनावर घेतली नाही, आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने ती घेणं तर शक्यच नव्हतं. मग १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी, दलाल, जो कोणी व्यवसाय किंवा नोकरी करतो त्याने वर्षाला ठरावीक रक्कम भरायची. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार या कराची कमाल मर्यादा होती वर्षाला २५० रुपये. जोडीला विक्रीकरावर अधिभार, मोटार वाहनांवर जादा कर, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, शहरी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर. या सगळ्यांतून जेवढा पैसा जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि हा सगळा पैसा रोजगार हमी निधीत जायचा.

कागदावर बागायतदारही यात होता, पण प्रत्यक्षात भार पडला तो शहरांवर, आणि शहरांत मुख्यतः मुंबईवर. गिरणीतला जॉबर, बँकेतला कारकून, लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार, असे सगळे मिळून मराठवाड्यातल्या पाझर तलावाची मजुरी भरू लागले. यावर शहरात ओरड का झाली नाही? एक तर रक्कम लहान होती. दुसरं म्हणजे १९७२ मध्ये मुंबई-पुण्याच्या फुटपाथांवर येऊन पडलेली दुष्काळग्रस्त कुटुंबं शहराने पाहिली होती. आणि ग्रामीण सधन शेतकऱ्याने याला पाठिंबा का दिला, याचं उत्तर रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ मध्ये रोखठोक दिलं. कर त्याला फारसा भरावा लागत नव्हता, पाझर तलावाचं पाणी त्याच्याच विहिरीला लागत होतं, रस्ता त्याच्याच उसाला आणि द्राक्षाला उपयोगी पडत होता. सुगीच्या दिवसांत हमीची कामं मंदावली की मजूर त्याच्याकडे परत येत होता, आणि हमीची मजुरी बेताचीच असल्याने त्याच्या शेतावरचा दर फारसा हलत नव्हता. गरिबांसाठीचा एक कायदा सर्वपक्षीय एकमताने मंजूर झाला, तो हा असा. या स्पष्टीकरणात कडवटपणा आहे, पण ते खोटं नाही. अर्थात गरिबाच्या कायद्याने श्रीमंताचंही भलं झालं म्हणून तो कायदा वाईट ठरत नाही. असं भलं झालं नसतं तर तो मंजूरच झाला नसता.

कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याची रचना आजही वाचण्यासारखी आहे. ग्रामीण भागातल्या १८ वर्षांवरील कोणाही स्त्री-पुरुषाने अंगमेहनतीचं काम मागितलं, नमुना ४ भरून दिला, की १५ दिवसांत काम मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर दिवसाला एक रुपया बेकारी भत्ता. नवं काम काढायला किमान ५० मजूर हवेत. खर्चातला ६० टक्के वाटा अकुशल मजुरीवर जायला हवा, म्हणजे यंत्रं आणून ठेकेदाराने काम उरकायचं नाही. स्त्री-पुरुषांना एकच दर. मजुरी रोजावर नाही, मोजमापावर: किती माती खणली, किती लांब टाकली, जमीन मऊ की मुरमाड की खडकाळ, यावर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, लहान मुलांसाठी पाळणाघर. यातलं पाणी बहुधा मिळे, पाळणाघर क्वचित.

लोकांनी या योजनेला लवकरच आपलंसं केलं आणि तिची टिंगलही लवकरच सुरू केली. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक चावडीवर ऐकू येई. बोगस नावांची मस्टरं, मुकादमाचा हप्ता, एकच रस्ता तीनदा केल्याची बिलं, हे सगळं होतं. तरीही १९७९-८० च्या सुमारास योजनेवर वर्षाला २० कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम होत होतं. एवढी नावं नुसती शाईने लिहून होत नाहीत.

मग अभ्यासक आले. नियोजन आयोगाने राज्य सरकारबरोबर संयुक्त मूल्यमापन करून १९८० मध्ये अहवाल दिला. गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी त्याच वर्षी हमीच्या मजुरांची पाहणी प्रसिद्ध केली. कामावर येणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के दारिद्र्यरेषेखालचे होते. सरकारने कुणाचंही उत्पन्न तपासलं नव्हतं, पिवळं कार्ड मागितलं नव्हतं, तलाठ्याचा दाखला लागत नव्हता. नुसत्या कमी दराने आणि उन्हातल्या कामाने ही निवड होत होती. टेंपल यांचा तर्क चालत होता, हे कबूल करायला हवं. फरक एवढाच की आता तो उपाशी ठेवण्यासाठी वापरला जात नव्हता आणि काम घराजवळ मिळत होतं.

याहून बारीक प्रश्न असा होता की हमीच्या मजुरीतला खरा फायदा किती? बाई दिवसभर पाझर तलावावर गेली तेव्हा तिने दुसरं कुठलं काम सोडलं का? समजा तिने पाच रुपयांचं खुरपणीचं काम सोडून सहा रुपयांचं सरकारी काम घेतलं, तर सरकारने खर्च केले सहा आणि तिच्या पदरात पडला एक. हे मोजायला गावात राहून महिनोन्महिने नोंदी ठेवाव्या लागतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांत नेमकं तेच केलं होतं. त्यांत सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर होतं आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा. कोण कुठल्या दिवशी कुठे कामाला गेलं, कोण रिकामं बसलं, याच्या वह्याच्या वह्या तिथे भरल्या होत्या. गौरव दत्त आणि मार्टिन रावालियन या अर्थशास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून हिशेब केला. हमीच्या कामासाठी सोडावं लागलेलं उत्पन्न साधारण मजुरीच्या पाव हिस्सा निघालं. उरलेला पाऊण हिस्सा निव्वळ पदरात पडत होता, कारण तो वेळ बहुतांशी नाहीतरी रिकामा जाणार होता. वॉकर आणि रायन या अभ्यासकांना याच गावांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. हमी योजना नसलेल्या आंध्रातल्या ऑरेपल्ले गावच्या भूमिहीनांच्या उत्पन्नात वर्षागणिक जेवढे चढउतार होत, त्याच्या जवळपास निम्मेच शिरापूर-कानझऱ्यात होत. सावकाराकडे जायची वेळ कमी येते ती अशी.

इथवर सगळं जमून आलं होतं. नंतर आला मे १९८८.

त्याची पार्श्वभूमी कायद्याची होती. राजस्थानातल्या दुष्काळी कामांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं म्हणजे घटनेने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला होता. सरकार स्वतःच किमान वेतनाचा कायदा मोडतं, हे न्यायालयाला मंजूर नव्हतं आणि कुणाही विचारी माणसाला ते मंजूर होण्यासारखं नव्हतंच. हमीचा दर किमान वेतनाशी जोडला गेला. आणि १९८८ च्या मध्यावर महाराष्ट्राने शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट केलं, तसा हमीचा दरही दुप्पट झाला.

दर दुप्पट झाल्यावर कामावर गर्दी उसळायला हवी होती. झालं उलटंच, हजेरी कोसळली. १९८८ चा पाऊस चांगला झाला, म्हणून मागणी घटली असेल, असा बचाव करता आला असता. रावालियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मधल्या लेखात तो तपासला. महिन्यामहिन्याची हजेरी, हंगाम आणि पाऊस यांचा पूर्वीचा संबंध बांधून त्यांनी नव्या दराला किती माणसं आली असती याचा अंदाज काढला आणि प्रत्यक्ष हजेरीशी ताडून पाहिला. तफावत पावसाने भरून निघणारी नव्हती. काम मागणारे कमी झाले नव्हते, काम देणं कमी झालं होतं. कायद्यातली हमी तशीच होती, प्रत्यक्षात रेशनिंग सुरू झालं होतं.

हे रेशनिंग कुठल्या शासननिर्णयाने आलं नाही. नवी कामं मंजूर होत नाहीत, चालू काम ‘पूर्ण’ दाखवून बंद होतं, नमुना ४ घ्यायला कुणी जागेवर नसतं, घेतला तर पोच मिळत नाही. पोच नाही म्हणजे १५ दिवसांची मुदत कधी सुरूच होत नाही आणि एक रुपया भत्ताही देणं लागत नाही. कारभाराची ही कला आपल्याला नवी नाही. दर वाढल्यावर हमीच्या कामाकडे थोडे बऱ्या परिस्थितीतले लोकही वळू लागले, आणि जिथे जागा कमी तिथे ओळखपाळख असलेला आधी आत जातो. ज्यांना कुठेच काम नव्हतं त्या बाया आणि भूमिहीन रांगेत मागे गेले.

यातून काही अर्थशास्त्रज्ञांनी धडा काढला की दर कमी ठेवावा, म्हणजे दार सर्वांना उघडं राहील. मला तो धडा अपुरा वाटतो. डिसेंबर १९८८ मध्येच साठावी घटनादुरुस्ती होऊन व्यवसाय कराची मर्यादा २५० वरून २,५०० रुपये झाली. ज्या वर्षी मजुरीचा दर दुप्पट झाला त्याच वर्षी पैसा उभारण्याची मुभा दसपट झाली. पुढच्या दशकात हा कर वाढत गेला, हमीवरचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. हमीच्या नावाने गोळा झालेला पैसा राज्याच्या इतर गरजांत मिसळत राहिला. तेव्हा पैसा नव्हता म्हणून दार लोटलं, हे म्हणणं टिकत नाही. दार लोटलं, कारण १९७३ चा मोर्चा आता रस्त्यावर नव्हता. आणि दुप्पट दर हा बागायतदाराला परवडणारा शेजारी नव्हता: मजूर हमीवर गेला तर शेतावरचा भावही चढवावा लागला असता. हमीचा शेतमजुरीच्या दरावर खरोखरच परिणाम होतो, हे राघव गैहा यांच्या अभ्यासात पुढे दिसलंही.

१९९० पासून योजनेचं वळण बदललं. खाजगी जमिनीवर फळबागा लावायला हमीतून अनुदान मिळू लागलं, जवाहर विहिरी आल्या. कोकणातल्या आंबा-काजूच्या आणि सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाच्या विस्ताराला त्याचा मोठा हात लागला. फळबाग योजना चांगलीच होती, पण ती जमीन असलेल्यांची होती. भूमिहीनाला बाग लावायला जमीन लागते, ही अडचण कुणी सोडवली नाही.

२००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा मसुद्यात महाराष्ट्राचा अनुभव जागोजाग होता: मागणीवर काम, १५ दिवसांची मुदत, भत्ता, ६०:४०. दराचा घोळही तसाच बरोबर गेला. जानेवारी २००९ मध्ये केंद्राने हमीची मजुरी किमान वेतनापासून तोडली, आणि अनेक राज्यांत सरकारी कामावरची मजुरी सरकारनेच ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली राहू लागली. १९८३ चा निकाल तोवर पाव शतक जुना झाला होता.

महाराष्ट्रात व्यवसाय कर अजून आहे. वरच्या टप्प्यातल्या पगारदाराच्या पगारातून तो अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो, म्हणजे वर्षाला नेमके २,५००. हा कर मुळात कुणाच्या मजुरीसाठी बसवला होता, हे भरणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी त्याचा हिशेब मागायला हवा.